बिराजदार अण्णांचा काळा पडदा

बिराजदार अण्णा कुणालाही आधी नमस्कार करत नसत. तुम्ही व्हरांड्यात समोरून आलात, हसलात, हात जोडलेत, तरी ते तुमच्या खांद्यावरून नजर नेऊन सरळ पुढे निघून जात. पण तोंडानं "अण्णा, नमस्कार" म्हणालात की जागच्या जागी थांबत, दोन्ही हात छातीशी नेत आणि विचारत, "नमस्कार की ओ! जेवण झालं का?" सकाळचे अकरा असोत की दुपारचे चार, चौकशी जेवणाचीच. आमच्या ऑफिसात याचा अर्थ ठरून गेला होता. माणूस गर्विष्ठ आहे, दुसऱ्यानं आधी मान तुकवली तरच बोलतो. हा अर्थ कितीतरी वर्षं चालला. इतरांनी तो नुसता बोलून दाखवला. मी तो कागदावर उतरवला आणि खाली सही केली.

आमची शिक्षण संस्था जुनी. सोलापुरात मुख्य कार्यालय आणि दोन कॉलेजं, बार्शीला एक कॉलेज, माढ्याला आणि केमला हायस्कूल. मी मुख्य कार्यालयात अधीक्षक होतो. रजा, बदल्या, सेवापुस्तकं, नियम हे माझं राज्य. मल्लिनाथ बिराजदार संगणक विभागात. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली आणि त्या खोलीत एकटे अण्णा. अक्कलकोटकडचा माणूस, घरात कानडी, बाहेर आमची सोलापुरी मराठी. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले होते. संस्थेत पहिला संगणक आला तेव्हा त्याचं खोकं उघडायला कुणी धजेना, म्हणून यांनी उघडलं आणि आतलं पुस्तक घरी नेलं. तिथून पुढचं सगळं शिक्षण स्वतःचं स्वतः.

त्या खोलीत भर दुपारी दोन ट्यूबलाइटी जळत असायच्या. टेबलावर एक जुनाट संगणक, त्याचा पडदा काळाकुट्ट, आणि त्यावर अंगठ्याएवढी पांढरी अक्षरं. बाकी जगात संगणकावर रंगीत चित्रं आली, खिडक्या आल्या, बाण आला. अण्णांच्या पडद्यावर नुसती अक्षरं. एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, यंत्र उत्तर देईल ते वाचायचं, की पुढची ओळ. संगणकांबरोबर आलेले माउस ते सरळ दुसऱ्या विभागांना देऊन टाकत. "उंदीर घरात नको," म्हणत. लेखा विभागातले लोक त्या मोठ्या अक्षरांवरून हसायचे. अण्णा अजून बाराखडी गिरवतायत, म्हणायचे.

त्या जुन्या संगणकाला मागून तीन नेटवर्क कार्डं बसवलेली होती आणि त्यातूनच बार्शी, माढा, केम मुख्य कार्यालयाशी जोडलेले होते. प्रवेश, निकाल, हजेरी, सगळं त्या एका पेटीतून जायचं. एकदा मी सहज विचारलं, हे चालतं तरी कसं?

"सुरवसे साहेब, तुमचं गाव कंचं?"

"मोहोळजवळचं."

"गावात पत्र टाकलं आनि पत्ता गावातलाच निघाला, तर?"

"घरी नेऊन द्यायचं."

"आनि परगावचा निघाला तर वेशीतनं भायेर काढायचं. बरोबर का? ह्या कार्डाचं तोंड गावात हाय, त्या कार्डाचं वेशीभायेर. आधी कार्डाला नाव-पत्ता द्यायचा, मग त्याला उठवायचं. मग कंचं पाकीट कंच्या दारानं काढायचं ती वाट सांगायची. एवढंच काम हाय माझं. दार उघडणं आनि वाट सांगणं."

मला ते नीट कळलं. नंतर मोठमोठ्या कंपन्यांची माणसं येऊन रंगीत पट्ट्या दाखवून गेली, त्यांचं अवाक्षर कळलं नाही.

अण्णांच्या खोलीत वस्तू हलवायची नाही, असा कडक नियम होता. पाण्याचा तांब्या डाव्या कोपऱ्यात, पेचकस उजव्या खणात, स्टूल भिंतीला टेकून. एकदा झाडणाऱ्या मावशींनी स्टूल मधे ठेवलं आणि अण्णा त्यावर धडकून पडले. गुडघा फुटला. कधी आवाज न चढवणारा माणूस त्या दिवशी असा ओरडला की वरच्या मजल्यावरून लोक खाली आले. मावशी रडायला लागल्या. अण्णांनी लगेच हात जोडले, "चुकलं माझं, मावशी," म्हणाले, पण ऑफिसला चघळायला विषय मिळाला. आणखी एक म्हणजे पाच वाजले की ते निघालेच. परीक्षेचे दिवस असोत, कार्यकारिणीची बैठक असो, पाचच्या पुढे थांबायचे नाहीत. हिवाळ्यात तर साडेचारलाच चुळबुळ सुरू. जाताना व्हरांड्यात भिंतीला एक हात लावून चालत. लहान मूल काठी फिरवत जातं तसा तो हात भिंतीवरून फिरत जायचा. मला ती लकब वाटायची.

एकदा अकरावीच्या प्रवेशाच्या ऐन गर्दीत बार्शी बंद पडलं. बार्शीच्या कॉलेजात गायकवाड मॅडम म्हणून क्लार्क होत्या, त्यांचा फोन आला. बाहेर पालकांची रांग लागलीय, यादी उघडत नाही, प्राचार्य चिडलेत. मी फोन घेऊन अण्णांच्या खोलीत गेलो. त्यांनी फोन कानाशी धरला आणि डोळे मिटले.

"मॅडम, घाबरू नका. काळ्या पडद्यावर काय दिसायलंय ते सगळं वाचा."

"अण्णा, लई ओळी आहेत हो."

"असूद्या की. मला कुटं जायाचंय? टिंबसुदा सोडू नका."

त्या वाचत होत्या आणि अण्णांची बोटं टेबलावर, किल्ल्या असल्यासारखी, हळूहळू हलत होती. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. "लिवा. राउट. जागा सोडा. मायनस. एन. आता एंटर. काय आलं?" मॅडमनी आकडे वाचले. "संपलं? त्याच्या खाली काय न्हाय?" काही नाही, म्हणाल्या. अण्णा हसले. "मंग तुमच्या गावाला वेसच ऱ्हायली न्हाय की! पहाटे लाइट गेली व्हती का?"

"हो. तासभर नव्हती."

"तरीच. हातानं सांगितलेली वाट हाय ती. लाइट गेली की इसरतं बिचारं."

एकेक अक्षर सांगून त्यांनी मॅडमकडून ती वाट पुन्हा घालून घेतली. मग मुख्य कार्यालयाला हाक मारायला लावली. पिंग म्हणतात त्याला. पलीकडून मॅडम किंचाळल्याच. "उत्तर येतंय! अण्णा, येतंय!"

"येनारच. आता मशीन उठताना वाचतं त्या फायलीत हीच ओळ लिवून ठिवा. उद्या मी नसलो तर?"

ते ऐकून मला जरा गंमत वाटली होती, कारण दुसऱ्याला लिहून ठेवायला सांगणारा हा माणूस स्वतः कागदावर काही लिहीत नसे. चाळीस-पन्नास संगणकांचे पत्ते, कुठलं कार्ड कुठे, कुठली वाट कुठून, सगळं डोक्यात. दोनदा मी वही मागितली. "देतो की," म्हणाले, दिली नाही. ऑफिसात याचाही अर्थ लावून झाला होता. संस्थेचं आपल्यावाचून अडलं पाहिजे, म्हणून माहिती दाबून ठेवतो.

माझं आणि त्यांचं वाकडं कधीच नव्हतं, हे सांगायला पाहिजे. उलट त्या ऑफिसात त्यांना जवळचं कुणी असेल तर मीच. केमच्या शाळेत दुसरं कार्ड बसवायला गेलो तेव्हा ते म्हणाले होते, सुरवसे साहेब येत असतील तर जातो. सकाळच्या गाडीनं गेलो. शाळेत त्यांनी पेटी उघडली, कार्ड खाचेत बसवलं, अक्षरं टाइप केली. पडद्यावर नव्या कार्डाचं नाव दिसेना. गुरुजी मंडळी काळजीत. अण्णा म्हणाले, "झोपलंय ते. नवीन जागा हाय, जाग आली न्हाय." एक ओळ मारली, शेवटचा शब्द 'अप', आणि कार्डामागचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. शाळेनं शेंगाचटणी, भाकरी, दही असं झकास जेवण दिलं. निघताना अण्णांनी वहिनींसाठी केमचं कुंकू घेतलं. ते घेताना पुड्या नाकाशी नेऊन, बोटांत चोळून निवडत होते. परतीच्या गाडीत दिवस मावळला. उतरताना त्यांनी माझा दंड धरला आणि स्टेशनबाहेर रिक्षापर्यंत सोडला नाही. "पाय वाईच दुखायलाय," म्हणाले. रस्ताभर मुलीबद्दल बोलत होते. गौरी फार्मसीला आहे, हुशार आहे, तिचं एकदा चांगल्या ठिकाणी झालं की मी मोकळा. माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी दुखत होता. तरीही मी एका शब्दानं विचारलं नाही.

पुढे संस्थेत नवे सचिव आले. तडफदार माणूस, सगळं आधुनिक करायचं मनात घेतलेलं. पहिल्या दिवशी सगळे विभाग फिरले. अण्णांच्या खोलीत शिरले, "मी नवा सचिव" म्हणाले आणि हात पुढे केला. अण्णा उभे राहिले, छान हसले, "बरं वाटलं, साहेब," म्हणाले आणि हात खालीच. सचिवांचा हात हवेत. पाच-सहा जण बघत होते. सचिवांनी तो हात परत घेतला, केसांवरून फिरवला आणि बाहेर पडले. जिना चढताना मला म्हणाले, "ह्यांना फार माज दिसतो."

मी म्हणालो, "तसे जुन्या वळणाचे आहेत." बचाव म्हणून हे एवढंच.

त्यानंतर सहा महिन्यांत पुण्याच्या एका कंपनीची नवी पेटी आली. तिला अक्षरं टाइप करावी लागत नव्हती. पडद्यावर नकाशा, रंगीत रेघा, माउसनं इथून तिथं ओढलं की झालं. शिकवायला दोन दिवसांसाठी एक जण आला. अण्णा दोन्ही दिवस हजर होते. माउसवर हात ठेवून, पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन बसले होते. तो सांगायचा, "तो निळा चौकोन दाबा," आणि अण्णांचा हात हलायचाच नाही. बाण पडद्यावर एका कोपऱ्यात निपचित. तो शिकवणारा शेवटी हसला. "काका, चावत नाही तो." खोलीतले सगळे हसले. मीही हसलो असेन.

दुसऱ्या दिवशी चार वाजता अण्णा माझ्या टेबलाशी आले. "साहेब, तुमी सचिवांना सांगा. नवीन पेटी ठिवा, माझं काय म्हननं न्हाय. पण तिला काळ्या पडद्यावरनंबी चालवता येतं. आतून ती आपलीच जात हाय. मला तेवढं काळं राहूद्या."

"अण्णा, अहो सगळं जग पुढे चाललंय. तुम्ही मनावर घेतलं तर आठ दिवसांत शिकाल."

त्यांना काहीतरी सांगायचं आहे असं वाटलं. मग म्हणाले, "असूद्या," आणि भिंतीच्या कडेनं निघून गेले.

त्या वर्षीचे गोपनीय अहवाल मी लिहिले. सचिवांनी सुचवलं होतं, पण जबरदस्ती केली नव्हती. वाक्यं माझी होती. 'श्री. बिराजदार यांची नवीन तंत्रज्ञान आत्मसात करण्याची मानसिक तयारी दिसून येत नाही. कामाची माहिती स्वतःपुरती ठेवण्याची प्रवृत्ती आहे. वरिष्ठांशी वर्तन सौजन्यपूर्ण नाही.' तीन वाक्यं. माझी भाषा चांगली आहे असं तेव्हा लोक म्हणत. प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला लेखी कळवावा लागतो, तसा तो कळवला, पत्रावर माझी सही. मग त्यांची बदली डेडस्टॉकला झाली. म्हणजे बाकं, पंखे, कपाटं मोजायची आणि बारीक रकान्यांच्या नोंदवहीत नोंदी करायच्या. अण्णांनी दीड महिना कसाबसा काढला आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. मला वाटलं, मान दुखावला. निरोप समारंभही नको म्हणाले. त्यांच्या जागी बार्शीहून गायकवाड मॅडमना आणलं.

वर्षभरानं, जूनच्या एका दुपारी, वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि नवी पेटी जळाली. धुराचा वास जिन्यापर्यंत आला. प्रवेश अर्जांचा शेवटचा दिवस. कंपनी म्हणाली, दुसरी पेटी परवा. गायकवाड मॅडमनी डेडस्टॉकमधून अण्णांचा जुना संगणक शोधून काढला, पुसला, सुरू केला. तो बिचारा सुरू झाला, पण मधल्या वर्षात सगळ्या शाखांची मांडणी बदललेली, आणि त्याच्या पोटातल्या वाटा पुसून टाकलेल्या. मॅडम म्हणाल्या, "साहेब, अण्णांनाच विचारायला पाहिजे. फोन उचलत नाहीत." मी स्कूटर काढली.

शेळगीला त्यांचं घर. दार वहिनींनी उघडलं. "बर्री, या, बसा," म्हणाल्या, पण चेहरा कोरा. अण्णा पुढच्या खोलीत खुर्चीवर होते. मी आत गेल्या गेल्या म्हणालो, "अण्णा, नमस्कार," आणि ते उठलेच. "सुरवसे साहेब! जेवण झालं का?"

मी घाईत होतो. शाखांची नवी यादी छापून आणली होती, ती त्यांच्या पुढ्यात धरली. "हे जरा बघा." त्यांनी हात पुढे केला तो कागदाच्या वीतभर बाजूला. चाचपडला. कागद सापडला तेव्हा तो उलटा धरला.

"तुमीच वाचा की," ते म्हणाले.

मी वाचला. त्यांनी फोन लावायला सांगितला, आणि पलीकडून "अण्णा, मी बार्शीची गायकवाड" ऐकताच चेहरा उजळला. पाऊण तास ते सांगत होते आणि मॅडम टाइप करत होत्या. पहिलं कार्ड, त्याचा पत्ता, अप. दुसरं कार्ड, तिसरं कार्ड. बार्शीची वाट, माढ्याची वाट, केमची वाट, आणि शेवटी वेस. कुठेही अडखळले नाहीत. मधे एक आकडा चुकला तो मॅडमचा, आणि तो त्यांनी ऐकूनच पकडला. साडेचारला तिन्ही शाखांकडून उत्तर आलं. अण्णांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "मॅडम, ह्या खेपेला वहीत लिवून घ्या," म्हणाले.

वहिनी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिथं त्यांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडं बघत नव्हत्या.

"डोळ्याच्या पडद्याचा आजार हाय. कडेनं दिसायचं बंद होत होत मधे दोन बोटांएवढं ऱ्हातं. लई वर्सं झाली कळून. रात्रीचं तर आधीपासनंच न्हाय. काळ्यावर पांढरं, मोठं, तेवढंच दिसायचं त्यास्नी. आता तेबी गेलं."

"वहिनी, मग बोलले का नाहीत? एक कागद दिला असता तर..."

"घराण्यात चालतो म्हनाले डाक्टर. चुलत्याला व्हता. आमची गौरी लग्नाची. कुनाला कळलं असतं तर करून घेतली असती का तिला? झालं गेल्या वैशाखात तिचं. त्याच्या आत त्यास्नी कुनाला कळू द्यायचं नव्हतं. ऑफिसात कसं निभावलं ते त्यांचं त्यास्नी म्हाईत."

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, झेपेल ते काम द्यावं लागतं, हा नियम मला पाठ होता. ते खातंच माझं होतं.

"पत्र आलं त्या दिवशी मीच वाचून दाखवलं," वहिनी म्हणाल्या. "तिन्ही वाक्यं. त्यास्नी वाचता येत नव्हतं की. ऐकून घेतलं आनि म्हनाले, सही कुनाची हाय? मी म्हनलं, गिचमिड हाय, लागत न्हाय."

मग त्यांनी फाटकाची कडी लावली. "तुमचं नाव त्यांच्या तोंडात लई असतं. ते तसंच राहूद्या म्हनून सांगितलं न्हाय. तुमच्यासाठी न्हाय."

आतून यंत्राचा एक सपाट आवाज येत होता. वहिनींच्या भाच्यानं त्यांना बोलणारा संगणक करून दिला होता. काळ्या पडद्यावरची अक्षरं तो वाचून दाखवायचा. अण्णांनी दोन जुनी मशीनं तारेनं जोडली होती आणि एकातून दुसऱ्याला हाक मारून ते बसत. उत्तर आलं, उत्तर आलं, असं ते यंत्र इंग्रजीत म्हणत राही. दिवसभर तेच चालतं, वहिनी म्हणाल्या.

ऑफिसात परतलो तेव्हा सचिव खुश होते. कसं जमवलंत, विचारलं. मी म्हणालो, एक जुनी वही सापडली. गायकवाड मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि खाली मान घातली. अण्णांचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, त्याच्या पुढचाही, आणि मग ते तीन वाक्यांपाशी येऊन थांबलं असतं. नंतर कधीतरी शेळगीला जाऊन अण्णांना सगळं सांगायचं, असं मी ठरवलं. काय बोलायचं तेही मनात तयार केलं. गेलो नाही. आधी मुलाचं लग्न निघालं, मग माझी निवृत्ती, मग गुडघ्याचं ऑपरेशन. कारणं खोटी नव्हती, पण त्यांतलं एकही कारण नव्हतं.

शेवटचं पाहिलं ते गेल्या नोव्हेंबरात, बँकेत. निवृत्तांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याची गर्दी. मी टोकन घेऊन बाकावर बसलो. थोड्या वेळानं शेजारी कुणी येऊन बसलं, काठी पायांत धरून. पाहिलं तर अण्णा. केस पूर्ण पांढरे, अंगानं अर्धे झालेले, शर्ट कडक इस्त्रीचा. वहिनी कुठल्याशा खिडकीवर फॉर्म आणायला गेल्या असाव्यात. आमच्या दोघांत हातभरही अंतर नव्हतं.

मला फक्त "अण्णा, नमस्कार" म्हणायचं होतं. त्यांनी पहिल्या अक्षराला ओळखलं असतं.

"कितवा नंबर चाललाय हो?" त्यांनी माझ्या बाजूला तोंड करून विचारलं.

भिंतीवरच्या पाटीवर लाल आकडे होते. मी बोट उचललं आणि पाटीकडं दाखवलं. त्यांना. बोट तसंच धरून बसलो.

ते वाट बघत राहिले. मग जरा मोठ्यानं म्हणाले, "कितवा नंबर, म्हनलं." आणि तरीही मी गप्प, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. चाचपत त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं. "ऐकू कमी येतंय का तुमाला? असूद्या, असूद्या. मला दिसत न्हाय, तुमाला ऐकू येत न्हाय. बरी जोडी जमली की."

वहिनी फॉर्म घेऊन आल्या. त्यांनी मला पाहिलं. माझं उचललेलं बोट पाहिलं, अण्णांचा माझ्या गुडघ्यावरचा हात पाहिला.

"चला," त्या म्हणाल्या, "आपला नंबर लागला."

अण्णा काठीवर जोर देऊन उठले. "ह्यास्नीबी सांग की नंबर किती झालाय. बिचाऱ्यास्नी ऐकू येत न्हाय."

"येतंय त्यास्नी ऐकू," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेऊन त्यांना खिडकीकडं घेऊन गेल्या.